अक्राणी महालांतील देव, आप-धर्म आणि राजकारण

राष्ट्राच्या सामाजिक व राजकीय घडणींत धर्माचा वांटा किती, हा प्रश्न महाराष्ट्रांत न्यायमूर्ति रानडे यांनीं मराठ्यांच्या सत्तेच्या उत्कर्षावरील आपल्या १९०० सालच्या इंग्रजी ग्रंथांत प्रथम नीट मांडिला. संतांनीं जातिभेदाची धार बोथट केली, लोकभाषेला प्रतिष्ठा आणिली, आणि अशा नांगरलेल्या भूमींत पुढें स्वराज्याचें बीज रुजलें, असा त्यांचा सिद्धान्त होता. कै. राजवाडे यांस तो मान्य झाला नाहीं. सोसणारा तो सहिष्णु धर्म आणि जिंकूं पाहणारा तो जयिष्णु धर्म असा भेद करून त्यांनीं श्रेयाचें माप समर्थांच्या महाराष्ट्रधर्माच्या पदरांत टाकिलें. या वादावर पुष्कळ शाई खर्ची पडली आहे व तींत आणखी भर घालण्याचा आमचा मानस नाहीं. आम्हांस एवढेंच दाखवावयाचें आहे कीं, दोन्ही पक्षांची दृष्टि भीमा, कृष्णा व गोदा यांच्या खोऱ्यांतच फिरत राहिली. राजवाडे यांचा देह १९२६ च्या डिसेंबरअखेर धुळ्यास पडला. त्याच जिल्ह्याच्या उत्तरेस, तापीपलीकडे, सातपुड्याच्या रांगांत जे लोक राहतात त्यांचा ना अभंग, ना बखर, ना वतनाचें दप्तर. तेथें धर्म व राजसत्ता यांचा संबंध कसा आला हें पाहिल्यास मूळ प्रश्नावर कांहीं निराळा प्रकाश पडतो असें आम्हांस वाटतें.

धडगांव हें अक्राणी तालुक्याचें ठाणें. तळोद्याहून चांदसैलीचा घाट चढून, किंवा शहाद्याहून म्हसावदवरून येथें येतां येतें. उत्तरेची शीव नर्मदेची. उदई नदी येथलें पाणी तिच्यांत नेऊन घालते. वस्ती बहुतेक सारी पावरा व भिल्ल यांची. १९०६ सालीं खानदेशचे दोन जिल्हे झाले तेव्हां हा मुलूख पश्चिम खानदेशांत गेला, आणि १ जुलै १९९८ पासून तो नंदुरबार जिल्ह्यांत आहे.

या प्रदेशाविषयींचा एक सरकारी कागद येथें मुद्दाम पुढें ठेवावासा वाटतो. १९३५ च्या कायद्याखालीं १९३६ सालीं वर्जित व अंशतः वर्जित प्रदेशांचा हुकूम निघाला. त्याच्या मुंबई इलाख्यापुरत्या यादींत शहादें, नंदुरबार व तळोदें हे तालुके, नवापूर पेठा व अक्राणी महाल यांच्या जोडीला सहा मेवासी संस्थानिकांचीं गांवें आहेत: काठीचे पाडवी, नालचे पाडवी, सिंगपूरचे पाडवी, गव्हाळीचे वळवी, चिखलीचे वसावे आणि नवलपूरचे पाडवी. आज ज्यांना आपण आडनांवें म्हणून ओळखतों तीं त्या कागदांत पदव्या म्हणून आलीं आहेत. प्रजासत्ताक झाल्यावर १९५० च्या अनुसूचित क्षेत्रांच्या हुकमांत हीच यादी जवळजवळ शब्दशः उतरली. अर्थ असा कीं, प्रांतांत लोकनियुक्त मंत्री आले तरी या मुलखांतील कारभाराची विशेष जबाबदारी गव्हर्नराकडे राहावयाची. हे लोक अजून राजकारणाच्या कक्षेंत आलेले नाहींत, असें त्या यादीचें गृहीत होतें. हुकमाची शाई वाळते न वाळते तोंच, तळोदें तालुक्यांतील एका शेतमजुराच्या दाराशीं माणसांची रीघ लागली. त्या हकीकतीकडे वळण्यापूर्वीं जुन्या देवांचा विचार करणें अवश्य आहे.

अक्राणींतील जुना धर्म देवळांत बसत नाहीं. गांवदेव व वाघदेव शिवारांत असतात. याहामोगीचें मूळ ठाणें नर्मदेच्या दक्षिणेस सागबाऱ्याकडे देवमोगरा येथें. पाऊस देणारी राणी काजल नदीच्या दोन्ही तीरांस पूज्य. सरकारी नकाशावर नर्मदा ही प्रांतांची सरहद्द असली तरी या देवतांनीं ती कधीं मानिली नाहीं. नवस फेडण्यासाठीं घरचा यजमान इंदल घालतो. त्या वेळीं कळंबाच्या फांद्या आणून रोवितात आणि रात्रभर गायणा चालतो. पृथ्वी कशी झाली, नद्या कोणत्या वाटेनें गेल्या, हें सारें त्या गायनांत येतें. ज्यांस आम्ही साधनहीन म्हणतों त्यांचें पुराण असें मुखोद्गत आहे.

होळीचें महत्त्व याहून निराळें आहे. सपाटीवर फाल्गुनी पौर्णिमेस सर्वत्र एकदमच होळी पेटते. डोंगरांत गांवोगांवचे दिवस निरनिराळे असतात, व त्यापूर्वीं धडगांवसारख्या ठाण्यांत भोंगऱ्याचा बाजार भरतो. काठीच्या राजवाडी होळीचा उगम परंपरा १२४६ सालापर्यंत मागें नेते. उंच बांबू आणून तो हातानें उकरलेल्या खड्ड्यांत उभा करितात आणि रात्रभर नाच झाल्यावर पहाटे होळी पेटवितात. बावा, बुध्या होणारे पुरुष कित्येक दिवस व्रतस्थ राहतात. बाहेरचा मनुष्य हा देखावा पाहून रंग व घुंगुर यांचें वर्णन करितो व परत जातो. आमच्या मतें तेथें पाहण्याची गोष्ट दुसरीच आहे. कोणत्या गांवची होळी कोणत्या दिवशीं, कोणीं कोठें जावयाचें, पहिला मान कोणाचा, या ठरावांतून त्या मुलखाची राज्यव्यवस्था दिसते. ज्या संस्थानिकाजवळ फौज जेमतेम आणि दप्तर मुळींच नाहीं, त्याची सत्ता वर्षांतून एकदां होळीच्या उजेडांत सर्वांना प्रत्यक्ष होत असे. संस्थानें गेलीं, काठीची होळी मात्र राहिली.

पुराणांतील देवांनाही या डोंगरांत जागा मिळाली आहे. अस्तंभ्याच्या सुमारें ४३०० फूट उंचीच्या शिखरावर अश्वत्थाम्याचें स्थान असून धनत्रयोदशीच्या सुमारास तेथें यात्रा चढते. कपाळीच्या जखमेसाठीं तेल मागत हिंडणारा तो चिरंजीव डोंगरांतील माणसाला परका वाटूं नये यांत नवल नाहीं. तोरणमाळच्या पठारावर गोरक्षनाथाचें ठिकाण आहे आणि महाशिवरात्रीस तेथें दोन्ही प्रांतांचे लोक जमतात. यावरून कोणी भिल्ल-पावऱ्यांस सरसकट हिंदु ठरवितात, तर याहामोगीकडे बोट दाखवून दुसरे त्यांस सर्वस्वीं वेगळे ठरवितात. खानेसुमारीचे अधिकारी या बाबतींत दर दहा वर्षांनीं गोंधळले. १९३१ सालीं वन्य धर्मांचा निराळा रकाना होता, आणि १९४१ सालीं धर्माऐवजीं जमातीवरून मोजणी झाली. डॉ. घुर्ये यांनीं १९४३ च्या ग्रंथांत यांस मागासलेले हिंदु म्हटलें, तर व्हेरियर एल्विन यांचा कल त्यांचें वेगळेपण जपण्याकडे होता. दोघेही विद्वान, दोघांचेही हेतु शुद्ध. परंतु अस्तंभ्याला जाऊन आलेला मनुष्य घरीं येऊन वाघदेवाला कोंबडें देतो तेव्हां त्याला स्वतःला यांत कसलीच अडचण दिसत नाहीं, ही साधी गोष्ट त्या वादांत मागें पडली.

आतां मद्याचा विषय. मोहाची दारू ही या लोकांची केवळ करमणूक नव्हे. पितरांच्या नांवानें तिची धार जमिनीवर सोडावयाची, सोयरीक तिनें पक्की करावयाची, भांडण तिनें मिटवावयाचें. घरीं दारू गाळणें हा यामुळें धर्माचाच भाग होता. मुंबई सरकारच्या १८७८ च्या अबकारी कायद्यानें घरगुती गाळप गुन्हा ठरलें व ठेकेदारांचीं दुकानें आलीं. देवाचा नैवेद्य आतां दुकानांतून पैसे मोजून आणावयाचा, पैसे नसल्यास उधार, आणि उधारी फिटली नाहीं तर पीक किंवा जमीन. दुकानदार व सावकार पुष्कळ ठिकाणीं एकच, नाहीं तर एकमेकांचे स्नेही. भिल्ल कर्जबाजारी होऊन आपल्याच शेतावर सालदार झाला तो बऱ्याच अंशीं या मार्गानें. डी. सिमिंग्टन या सनदी अधिकाऱ्याचा डोंगरी जमातींविषयींचा अहवाल १९३९ सालीं बाहेर आला. त्यांत सावकारी पाशाचें जें चित्र आहे तें सरकारी नोकराच्या लेखणींतून उतरलेलें असल्यामुळें अतिशयोक्तीचा आरोप त्यावर करतां येत नाहीं.

या पाशाला पहिला मोठा झटका देवीनें दिला. १९२१ च्या अखेरीस पालघरकडील किनाऱ्यावरील कोळी लोकांत देवीच्या रोगाच्या निमित्तानें अंगांत येऊं लागलें, आणि तें वारें गांवोगांव सरकत धरमपूर, वांसदें, डांग या मार्गें १९२२ च्या पावसाळ्यानंतर सुरत जिल्ह्यांत व खानदेशच्या पश्चिम भागांत पोंचलें. सालाबाई हें तिचें एक नांव. रोगाच्या देवीला गांवची शीव ओलांडून पुढल्या गांवाकडे पोंचविण्याची रीत महाराष्ट्रांत सर्वांस ठाऊक आहे; येथें त्याच रीतीनें आज्ञा पोंचविल्या गेल्या. दारू-ताडी सोडा, मांस-मासे सोडा, रोज स्नान करा, दारूचा धंदा करणाऱ्यांची चाकरी करूं नका. कोणी पुढारी नाहीं, छापील पत्रक नाहीं, वर्गणी नाहीं. हजारों लोक माळावर जमत, अंगांत आलेल्या माणसाच्या तोंडून आज्ञा ऐकत आणि उठून जात. ठेकेदारांचीं दुकानें ओस पडलीं. पुढें कित्येक ठिकाणीं देवीच्या मुखीं गांधींचें नांव आलें व खादीचा उपदेश येऊं लागला. राष्ट्रीय चळवळीनें देवी आणिली असें म्हणण्याचा मोह येथें होतो. घडलें तें उलट, देवी अगोदर आली आणि चळवळ तिच्या मागून गेली. सुरतेकडे पुढें दोन तट पडले: ज्यांनीं वर्ज्य पाळिलें ते वरजेला, आणि जे जुन्या रीतीकडे परतले ते सरजेला.

सुधारकी लेखांत या घटनेचें वर्णन व्यसनमुक्ति एवढ्याच शब्दानें केलेलें आढळतें. तें अपुरें आहे. ज्या द्रव्यानें पितर तृप्त होतात तें सोडावयाचें म्हणजे पितरांना उपाशी ठेवावयाचें. एवढें धाडस मनुष्य काटकसरीच्या हिशेबानें करीत नाहीं. त्याला पितरांहून मोठ्या देवतेची आज्ञा लागते. दारूबंदीचीं व्याख्यानें या लोकांनीं अगोदरही ऐकिलीं असतील. तीं फुकट गेलीं याचें कारण हें.

१९३० नंतरच्या दशकांत तळोदें तालुक्यांत रांझणीजवळच्या मोरवड येथें गुलाम महाराज या भिल्ल शेतमजुराचें नांव झालें. सरकारी कागदांत व इंग्रजी ग्रंथांत ते गुला महाराज म्हणून येतात. दर सोमवारीं आरती होई व तिला भोवतालच्या मुलखांतून माणसें लोटत. नियम देवीच्याच धर्तीचे: दारू वर्ज्य, मांस वर्ज्य, रोज स्नान, घर स्वच्छ, चोरी नाहीं. पण त्यांत एक नवी गोष्ट होती. प्रत्येकानें प्रत्येकाला ‘आप’ म्हणावयाचें. वडिलांनीं मुलाला, नवऱ्यानें बायकोला, श्रीमंतानें गरिबाला. त्यावरूनच पंथाला आप-धर्म हें नांव पडलें.

या एका शब्दापाशीं इतिहासकारानें थांबावें असें आम्हांस वाटतें. डोंगरांतील बोलींत थोरामोठ्यांसही सामान्यतः तूच म्हणतात, व त्यांत अनादर नसतो. सपाटीवरच्या बाजारांत मात्र हाच भिल्ल ‘अरे’ व ‘तूं’ ऐकतो, आणि तेथें त्या शब्दांचा अर्थ त्याला पक्का कळतो. कारण सावकाराला, पाटलाला, फौजदाराला तो उलट तसें म्हणूं शकत नाहीं. गुलाम महाराजांनीं ना मराठी ‘तुम्ही’ घेतलें, ना ‘आपण’; त्यांनीं साऱ्या हिंदुस्थानांत मानाचें समजलें जाणारें संबोधन उचललें आणि तें आपल्या माणसांनीं आपल्याच माणसांना द्यावें असें सांगितलें. दुसऱ्याकडे मान मागण्याची गरज उरली नाहीं. संतांनीं एकमेकांच्या पायां पडण्याची चाल घातली, तिच्या जोडीला ही चाल बसविण्यास हरकत नसावी. रानडे हें पाहते तर त्यांनीं आपल्या ग्रंथांत एक परिच्छेद खास वाढविला असता.

मोरवड पायथ्याशीं आहे हेंही ध्यानांत घ्यावें. ज्या पट्ट्यांत जमीन कसदार, म्हणून परक्यांची नजर तिच्यावर, जेथें दारूचें दुकान हाकेच्या अंतरावर, तेथें नवा धर्म उगवला. वर अक्राणींत शेतें उतारावरचीं, हलक्या मातीचीं. त्यांचा लोभ कोणास फारसा पडला नाहीं, आणि तेथें इंदल व गायणा आजवर चालत आले आहेत. ज्याची जमीन गेली त्याला जुने देव पुरत नाहींत, असा आमचा तर्क आहे. आरतीचीं माणसें डोंगरांतूनही उतरत. त्यामुळें ही रेषा फार ठळक काढूं नये.

गुलाम महाराज १९३८ सालीं वारले. त्या वेळीं प्रांतांत बाळासाहेब खेर यांचें मंत्रिमंडळ होतें व तेंही दारूबंदीच्या विचारांत होतें. मुंबई शहरांत ती १९३९ च्या ऑगस्टांत आली. एकाच इलाख्यांत सरकार कायद्यानें जें करूं पाहत होतें तें एक शेतमजूर आरतीनें करून गेला होता. मंत्रिमंडळानें १९३९ च्या नोव्हेंबरांत राजीनामा दिला आणि गव्हर्नराचें राज्य आलें. महाराजांच्या मागें बंधु रामदास महाराज यांनीं पंथ चालविला. जमाव वाढूं लागले तसा अधिकाऱ्यांस त्यांत बंडाचा वास येऊं लागला, आणि रामदास महाराजांस जिल्ह्याबाहेर घालविण्यांत आलें.

येथें दोन तारखा शेजारीं शेजारीं मांडतों. ९ सप्टेंबर १९४२ रोजीं नंदुरबार शहरांत तिरंगी झेंड्याच्या मिरवणुकीवर पोलिसांनीं गोळी चालविली. शिरीषकुमार मेहता हा शाळकरी मुलगा व त्याचे चार सोबती पडले. त्यांचें स्मारक शहरांत आहे, धडे पाठ्यपुस्तकांत आले, आणि तें सर्वथैव योग्य आहे. त्यानंतर सहा महिन्यांच्या आंत, २ मार्च १९४३ रोजीं, तळोदें तालुक्यांत रावलापाणी येथें रामदास महाराजांबरोबरच्या जमावावर गोळीबार झाला. स्थानिक परंपरा पंधरा माणसें पडलीं असें सांगते, आणि नाल्यांतील खडकांवर गोळ्यांच्या खुणा दाखविते. सातपुड्याच्या बाहेर हें नांव किती वाचकांनीं ऐकलें असेल?

दोन्हीकडे सरकार तेंच, साल जवळजवळ तेंच, जिल्हा तोच. फरक इतकाच कीं, एका जमावाच्या हातीं झेंडा होता व दुसऱ्याच्या तोंडीं आरती. पहिला राजकीय ठरला, दुसरा धार्मिक. आणि धार्मिक ठरला म्हणून राष्ट्राच्या इतिहासांतून वगळला गेला. पोलीस-दप्तरानें केलेलें हें वर्गीकरण इतिहासलेखकांनीं तपासून न पाहतां पुढें चालविलें, याबद्दल आम्हांस विषाद वाटतो. राजस्थान-गुजरातच्या सरहद्दीवर मानगड येथें १७ नोव्हेंबर १९१३ रोजीं गोविंदगुरूंच्या धुणीभोंवतीं जमलेल्या भिल्लांवर गोळी चालली, त्या प्रसंगाचीही अनेक वर्षें हीच गत होती. ज्यांच्या जवळ सभा, वर्तमानपत्र व वकील ही साधनें नाहींत त्यांचें राजकारण देवाच्या नांवानेंच बोलतें. त्यास राजकारण म्हणावयाचें नसेल तर शिवकालीन तुळजाभवानीच्या साऱ्या हकीकतींचाही पुन्हा विचार करावा लागेल.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. अशा धर्मांनीं माणसाचा कणा ताठ केला, पण त्याबरोबर त्याला आपल्याच घरच्या देवांची लाज वाटावयास लाविली. मांसाशन व मोहाची धार सोडलेला तो शुद्ध आणि न सोडलेला तो गांवढळ, हा नवा भेद सपाटीवरच्या उच्चवर्णीयांच्या फूटपट्टीनेंच मोजलेला होता. वरजेला व सरजेला यांचे रोटीबेटीव्यवहार तुटले ते उगीच नव्हे. शिवाय स्नानानें व आरतीनें सावकाराचा कागद फाटत नाहीं. गेलेली जमीन तशीच राहिली.

त्या जमिनीचा प्रश्न पुढें शहाद्याकडे उभा राहिला तेव्हांही पहिला आवाज भजनी मंडळाचाच होता. अंबरसिंग सुरतवंती या भिल्ल तरुणास लोक महाराज म्हणत. मे १९७१ मधील पाटीलवाडीच्या गोळीबारानंतर असंतोष वाढला, ३० जानेवारी १९७२ रोजीं शहाद्यास भूमुक्ति परिषद भरली, आणि त्याच वर्षीं श्रमिक संघटना स्थापन झाली. बाहेरून आलेल्या शिक्षित कार्यकर्त्यांनीं तिला वर्गलढ्याची भाषा दिली. अंबरसिंग मात्र १९७४ सालीं वारले. १९७२-७३ च्या सुमारास भिल्ल स्त्रियांनीं गांवोगांव फिरून दारूचीं मडकीं फोडलीं. मडकें फोडणाऱ्या स्त्रियांच्या आज्या देवीच्या वेळीं तरुण होत्या, हें कोणत्याही अहवालांत लिहिलेलें आमच्या पाहण्यांत नाहीं; हिशेब मात्र तसा जुळतो.

धडगांवाकडे शेवटची वळणी नर्मदेनें घेतली. सरदार सरोवरानें महाराष्ट्रांतील तेहतीस गांवें बाधित केलीं, तीं सारीं अक्राणी व अक्कलकुवें तालुक्यांतील. नर्मदा बचाव आंदोलनाचें धडगांव हें एक ठाणें झालें; १९९९ सालीं डोमखेडीस लोक चढत्या पाण्यांत बसून राहिले. मणिबेलीचें शूलपाणेश्वराचें पुरातन देऊळ पाण्याखालीं गेलें व त्याच्या नांवानें गुजरातेंत गोरा येथें नवें देऊळ उठलें. देवळाचा देव असा हलवितां येतो. ज्या टेकडीवर वाघदेव आहे ती टेकडी हलवितां येत नाहीं, आणि पंचनाम्यांत घर, झाड, विहीर यांस रकाने असले तरी तिला रकाना नसतो. गांवकऱ्यांनीं भूसंपादन अधिकाऱ्यांपुढें वारंवार मांडलेला मुद्दा हाच होता. विस्थापितांसाठीं तळोद्याचें सुमारें ४२०० हेक्टर जंगल मोकळें करण्यांत आलें. सोमावल, रोझवा येथें वसाहती झाल्या. अशा रीतीनें अक्राणीच्या नदीकांठचीं माणसें आपले इंदल व आपली होळी घेऊन ज्या तालुक्यांत उतरलीं, तो गुलाम महाराजांचा तालुका होय.